नानासाहेब पेशव्यांचा शोध



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी तुम्हीही काही लिहा, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला तेव्हा प्रथम मी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहून द्याव्यात, तर त्या आपणां सर्वांना माझ्याहून चांगल्या येतात. परंतु दर गुरुवारी दुपारी मंडळात आपण मिळून जे वाचन करतो, त्यातून मला इतिहासाची गोडी लागली. त्या वाचनातून निघालेल्या एका प्रश्नाविषयीच लिहावे असे शेवटी ठरविले.

गेल्या वर्षी वाचनात दुसऱ्या महायुद्धानंतरची एक हकीगत आली होती, ती पुष्कळ जणींना आठवत असेल. हिटलरचा खाजगी चिटणीस मार्टिन बोरमान हा १९४५ च्या मे महिन्याच्या आरंभी, बर्लिन शहर रशियनांच्या हाती पडत असताना, रात्रीच्या अंधारात हिटलरच्या तळघरातून बाहेर पडला आणि दिसेनासा झाला. न्यूरेंबर्ग येथे जर्मन पुढाऱ्यांवर खटला चालला, त्यात हा हजर नसतानाच १९४६ साली त्यास फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. मग शोध सुरू झाला. कोणी म्हणे तो अर्जेंटिनात आहे, कोणी म्हणे ब्राझीलमध्ये. १९६४ साली त्याच्यावर एक लाख मार्कांचे बक्षीस लागले. १९६७ साली ग्वाटेमाला देशात एका माणसाला तो समजून पकडले, पण बोटांचे ठसे जुळेनात म्हणून सोडून द्यावे लागले. शेवटी १९७२ च्या डिसेंबरात बर्लिनमध्येच एका रेल्वे स्टेशनाजवळ खोदकाम करताना मजुरांना दोन सांगाडे सापडले. त्यांतला एक बोरमानचा, हे १९९८ साली त्याच्या नातेवाइकाच्या रक्ताशी ताडून पक्के झाले. सारे जग ज्यास समुद्रापलीकडे शोधीत होते, तो त्या पहिल्याच रात्री मरून स्टेशनाजवळच्या मातीत पडला होता!

हकीगत संपल्यावर एका भगिनीने विचारले, "आपल्याकडे असा कोणाचा शोध झाला का हो?" त्या दिवशी कोणासच चटकन उत्तर सुचले नाही. नंतर वाचनालयातून पुस्तके आणून पाहिली, तेव्हा ध्यानात आले की असा शोध आपल्याकडे झाला होता, तोही बोरमानच्या आधी शंभर वर्षे. ज्यांचा शोध झाला ते मराठी होते, आणि त्या गोष्टीचा आरंभ आपल्या पवनेपलीकडेच आहे. ते म्हणजे नानासाहेब पेशवे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकते. ही दोन माणसे एका मापाने मोजावयाची नाहीत. बोरमान हा लाखो निरपराध ज्यू लोकांना मारणाऱ्या राजवटीचा खांब होता. नानासाहेब परक्यांच्या राज्याविरुद्ध उठले होते. मला सारखेपणा दिसला तो माणसांत नाही, त्यांच्या मागून झालेल्या शोधात. हरलेल्या पक्षाचा पुढारी बेपत्ता झाला की जिंकणारे काय करतात, लोक काय बोलतात आणि घरातल्या बायकांचे काय होते, हे दोन्हीकडे पाहण्यासारखे आहे.

आता आरंभापासून सांगते. आपल्या पिंपळे गुरवहून पवना ओलांडली की दापोडी, आणि तिथून मुळा ओलांडली की खडकी. आज आपण रिक्षाने वा बसने दहापंधरा मिनिटांत जातो. या खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. दापोडीस तेव्हा फोर्ड नावाच्या साहेबाच्या हाताखालची पलटण होती. ती पेशव्यांच्याच नोकरीतली म्हणून उभी केलेली, पण अधिकारी सारे इंग्रज. लढाईच्या दिवशी ती दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली. बापू गोखले शर्थीने लढले, परंतु लढाई हातची गेली. बाजीराव पुणे सोडून निघाले, आणि ३ जून १८१८ रोजी माल्कम साहेबाच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन ठरले आणि पेशव्यांची रवानगी गंगेकाठी, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे झाली.

बाजीरावांना मुलगा नव्हता. १८२७ साली त्यांनी जो मुलगा दत्तक घेतला, तेच नानासाहेब. त्यांचा जन्म १८२४ सालचा, कर्जत तालुक्यातल्या वेणगावचा. आपण लोणावळ्याहून पुढे घाट उतरून मुंबईस जातो, तेव्हा पायथ्याशी कर्जत लागते, तोच हा भाग. वडील माधवराव भट आणि आई गंगाबाई हे कोकणातले साधे कुटुंब. तिथला तीन वर्षांचा मुलगा बिठूरच्या वाड्यात पेशव्यांचा वारस झाला.

बाजीराव १८५१ साली वारले. इंग्रजांनी आठ लाखांचे पेन्शन बंद केले. म्हणणे असे की, ते बाजीरावांपुरते होते, दत्तक पुत्रास नाही. नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्ला खान नावाचा हुशार वकील विलायतेस धाडला, पण काही उपयोग झाला नाही. वाड्यावर अवलंबून असणारी माणसे पुष्कळ होती. बाजीरावांच्या विधवा होत्या, आश्रित होते, चाकर होते. घरातली मिळकत एकदम थांबली म्हणजे काय होते, हे आपणां बायकांना कोणी समजावून सांगावयास नको.

मग १८५७ साल उजाडले. जूनमध्ये कानपूरच्या पलटणी उठल्या आणि नानासाहेब त्यांचे पुढारी झाले. तिथे जे घडले ते सांगताना हात आखडता घेणे बरे नाही. इंग्रजांनी शरण यावे, त्यांना होड्यांतून अलाहाबादेस जाऊ देऊ, असे वचन देण्यात आले. २७ जूनला सतीचौरा घाटावर ते होड्यांत बसत असता गोळीबार झाला आणि बहुतेक पुरुष मारले गेले. वाचलेल्या बायका व मुले बीबीघर नावाच्या घरात कोंडली होती. इंग्रजांची फौज जवळ आल्यावर १५ जुलैला त्यांना ठार मारून प्रेते विहिरीत टाकण्यात आली. त्यांची संख्या दोनशेच्या आसपास होती. हा हुकूम कोणाचा, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. नानासाहेबांनी पुढे पत्र लिहून हे काम आपले नव्हे असे कळविले. हुकूम कोणाचाही असो, कोंडलेल्या बायकामुलांना मारणे हे पाप होय, असे म्हणावयास आपल्याला संकोच वाटू नये. तसेच, त्यानंतर कानपुरात इंग्रजांनी जो सूड घेतला त्यात कितीतरी निरपराधी लोक फासावर गेले, हेही विसरू नये. बिठूरचा वाडा त्यांनी उद्ध्वस्त केला. दोन्हीकडच्या आयांचे डोळे सारखेच भिजले.

येथून शोधास आरंभ होतो. १८५८ साली सरकारने जाहीरनामा काढला की, जो कोणी नानासाहेबांस पकडून देईल त्यास एक लाख रुपये इनाम मिळेल. हा आकडा वाचून मी मुलाला हिशेब करावयास सांगितले. त्या वेळी कंपनी सरकारच्या साध्या शिपायाचा पगार महिना सात रुपये होता. त्या शिपायाने एक पैसाही न खर्चता साठविला असता, तरी लाख रुपये व्हायला अकराशे नव्वद वर्षे लागली असती! एवढी रक्कम समोर दिसू लागल्यावर कोणाची नजर कोणावर जाणार नाही?

जाहीरनाम्याबरोबर नानासाहेबांचे वर्णनही फिरविण्यात आले. उंची, बांधा, वर्ण, मराठी वळणाचा चेहरा, असे त्यात लिहिले होते. पण छायाचित्र नव्हते. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी कल्पनेने चित्रे काढून छापली. म्हणजे ज्यास शोधावयाचे त्याचा चेहरा शोधणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिलेला. उंच, गोरटेला आणि मराठी चेहऱ्याचा माणूस हिंदुस्थानात काय एकच होता?

इकडे उठाव एकेक ठिकाणी मोडत गेला. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले आणि तिथे नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरविली. नानासाहेब स्वतः मात्र तिथे नव्हते. थोड्याच दिवसांत राणी लढता लढता पडली. तात्या टोप्यांना दग्याने पकडून १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस फाशी दिले. नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब यात्रेकरूच्या वेषात हिंडत होते. ते जम्मूच्या बाजूस सापडले आणि १८६२ साली त्यांना कानपुरास आणून फाशी दिले. उरले एकटे नानासाहेब.

ते १८५८ साल संपताना राप्ती नदी ओलांडून नेपाळात शिरले होते. अयोध्येची बेगम हजरत महल हीदेखील तिकडेच गेली. नेपाळचा कारभार तेव्हा जंगबहादूर राणा यांच्या हाती होता आणि ते इंग्रजांचे मित्र होते. त्यांनी बायकांना आश्रय दिला, पण लढणाऱ्या पुरुषांना देईनात. त्यामुळे नानासाहेब आणि त्यांचे लोक तराईच्या जंगलात अडकले. तराईचा ताप प्रसिद्ध आहे. आज त्यास आपण हिवताप म्हणतो. अन्न नाही, औषध नाही, अशा स्थितीत तिथे माणसे पटापट मेली. एप्रिल १८५९ मध्ये नानासाहेबांनी तराईतून इंग्रजांना पत्र पाठविले. त्याचा मतलब असा होता की, बायकामुलांची हत्या मी केली नाही, ती शिपायांनी व बदमाशांनी केली, आणि तुम्ही सर्वांना माफी देता, मग मलाच काय ती नाही? या पत्रानंतर त्यांचा स्वतःचा असा आवाज पुन्हा फारसा ऐकू येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ते तापाने वारले अशी बातमी नेपाळातून आली. त्यांचे भाऊ बाळासाहेब हेही वारल्याचे कळले.

इंग्रज सरकारने बातमीवर पूर्ण विश्वास ठेवला नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचेही चूक म्हणता येणार नाही. जंगलात दहन झालेले, साक्षीला आपलीच माणसे, आणि अशी बातमी उठविण्यात पळालेल्याचाच फायदा. तेव्हा शोध चालूच राहिला.

नंतर जी माणसे पकडली गेली त्यांची गोष्ट मला सर्वांत अधिक लागली. १८६१ साली कराचीस संशयित धरले, ते नानासाहेब नव्हते. १८६३ साली अजमेरास एक माणूस धरला. त्यास कानपुरास नेले, नानासाहेबांना ओळखणाऱ्यांपुढे उभे केले, अंगावरच्या खुणा पाहिल्या, आणि हा तो नव्हे असे ठरले. सर्वांत मोठा गवगवा झाला तो १८७४ साली. त्या वर्षी ऑक्टोबरात ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी एका माणसास नानासाहेब म्हणून पकडले आणि इंग्रजांच्या हवाली केले. तारा सुटल्या, वर्तमानपत्रे भरून गेली. सतीचौरा घाटावरून जिवंत सुटलेले जे चारच जण होते, त्यांतले थॉमसन नावाचे अधिकारी. त्यांनाही ओळख पटविण्यास बोलाविले. त्यांनी पाहून सांगितले की हा तो नव्हे. नानासाहेब असते तर तेव्हा पन्नाशीचे असते, हा माणूस वयाने पुष्कळच लहान दिसत होता. काहींनी तोच तो असे म्हटले, परंतु अखेर हा नानासाहेब नव्हे असा सरकारने निर्णय केला.

यात एक गंमत माझ्या ध्यानात आली. याच इंग्रज सरकारने १८७२ साली पुराव्याचा कायदा केला. त्यात असे आहे की, ज्यांना बातमी कळावयास हवी होती अशा माणसांना जर सात वर्षे एखाद्याविषयी काहीच कळले नाही, तर तो मेला असे धरून चालावे. जिवंत आहे असे ज्यास म्हणावयाचे असेल त्याने ते सिद्ध करावे. प्रजेसाठी सात वर्षे, आणि सरकार स्वतः मात्र पंधराव्या वर्षीही ग्वाल्हेरच्या कैद्याची ओळख पटवीत बसले होते. राग असा असतो. त्यास मुदत नसते.

पण पुढे हाही राग थंड झाला. पर्सिव्हल लँडन नावाच्या इंग्रज लेखकाने एक हकीगत लिहिली आहे. १८९५ च्या सुमारास काठेवाडात एका तरुण अधिकाऱ्याने एका म्हाताऱ्यास नानासाहेब समजून पकडले आणि मोठ्या उमेदीने कलकत्त्यास तार केली. उलट तार आली की, ताबडतोब सोडून द्या. तोवर नानासाहेब असते तर एकाहत्तर वर्षांचे झाले असते. आता सापडले तर खटला चालवावा लागेल, जुन्या जखमा निघतील, आणि लोक त्यांस देव करतील, असा विचार सरकारने केला असेल. शोधणाऱ्यासच शेवटी सापडणे नकोसे व्हावे, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

सरकारला ते जिवंत वाटत होते रागामुळे. आपल्या लोकांना वाटत होते ते मायेमुळे. नानासाहेब तापाने जंगलात मेले, हे लोकांच्या मनाला पटेना. ते गोसावी झाले, साधू झाले, नैमिषारण्यात राहिले, गुजरातेत सिहोर येथे राहिले, अशा कथा ठिकठिकाणी आजही सांगतात. फ्रान्समधल्या जूल व्हर्न नावाच्या लेखकाने तर १८८० साली एका कादंबरीत नानासाहेबांना पात्र करून टाकले. आपल्या नेताजी सुभाषचंद्रांचेही असेच झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये विमान पडून ते गेले अशी बातमी आली. पुढे स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारला १९५६, १९७० आणि १९९९ अशी तीन वेळा चौकशी नेमावी लागली. ज्याच्यावर प्रेम असते त्याचे मरण पुराव्याने पटत नाही.

या सर्व गडबडीत बायका कोठे होत्या? पुस्तकांत त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात. नानासाहेबांची पत्नी काशीबाई आणि बाजीरावांच्या विधवा यांना नेपाळात आश्रय मिळाला. पेशव्यांच्या घराण्यातला प्रसिद्ध नौलखा हार जंगबहादुरांकडे गेला. परक्या मुलखात राहावयाचे म्हणजे अंगावरचे दागिने हेच काय ते भांडवल. एकीकडे नवरा गेल्याची बातमी आलेली, दुसरीकडे सरकार त्यास जिवंत समजून शोधीत आहे, आणि तिसरीकडे लोक दर वर्षी नवीन ठिकाणी त्यास पाहिल्याचे सांगत आहेत. अशा बाईने कपाळाला काय लावावे?

बोरमानच्या बायकोचेही तेच झाले. तिचे नाव गेर्डा. ती मुलांना घेऊन इटलीकडे पळाली आणि मार्च १९४६ मध्ये मेरानो गावी आजाराने वारली. नवरा गेला की आहे, हे तिला पक्के कधी कळलेच नाही. कळण्यासारखे होते तेव्हा तिला जाऊन सव्वीस वर्षे होऊन गेली होती. तिचा थोरला मुलगा पुढे पाद्री झाला. बापाच्या पापात त्या लहान मुलांचा काय भाग होता?

हे वाचताना मला माझ्या चुलत सासूबाईंची आठवण झाली, ती येथे सांगते. त्यांचे मालक मुंबईस गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. काही महिने गावी शेतात काम करून ते सुरतेस काम पाहतो म्हणून निघाले. एक पत्र आले, नंतर काही नाही. दोन मुले पदरात. मग जो तो येऊन सांगे की, पंढरपुरास वाळवंटात दिसले, नाशिकास दिसले, एका ट्रकवर क्लीनर म्हणून दिसले. सासूबाई दोन वेळा पंढरपुरास जाऊन आल्या. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्यांच्या प्रत्येक बोलण्याने या बाईची एक रात्र जागून जात असे.

पुढे मुले मोठी झाली. सातबाऱ्यावर त्यांची नावे लावावयाची तर मालक मयत असल्याचा दाखला पाहिजे. सात वर्षांचा कायदा आहे, कोर्टात अर्ज केला की काम होते, असे वकिलांनी सांगितले. २०२४ पासून पुराव्याचा नवीन कायदा लागू झाला, त्यातही ही सात वर्षांची अट तशीच आहे. परंतु सासूबाई म्हणाल्या, "अर्जावर सही करायची म्हणजे मीच त्यांना मारायचं. ते माझ्याच्याने व्हायचं नाही." सात वर्षे झाली, दहा झाली, पंधरा झाली. अठराव्या वर्षी मुलाच्या कर्जाचे काम अडले तेव्हा त्यांनी सही केली. हुकूम झाला, नावे लागली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि रोजच्यासारखे कुंकू लावले. कागदावर ते गेले असतील, म्हणाल्या, माझ्याकडे कोणी सांगायला आलेले नाही. गावातही कोणी शब्द काढला नाही. पण हळदीकुंकवाची बोलावणी मात्र हळूहळू बंद झाली. बोलवावे तरी पंचाईत, न बोलवावे तरी पंचाईत, असे म्हणून एकेक घर चुकवू लागले.

तेव्हापासून मला वाटू लागले की, बेपत्ता माणसाची दोन मरणे असतात. एक सरकारदरबारी होते, त्यास कागद लागतो. दुसरे घरात होते, त्यास काय लागते हे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही. नानासाहेबांच्या बाबतीत पहिलेही नीट झाले नाही आणि दुसऱ्याची कोणी विचारपूसही केली नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी लाखाचे इनाम मांडले, तारा मांडल्या, साहेबांची नावे मांडली. काशीबाईंचा दिवस कसा गेला असेल, हे मात्र आपणच मनात आणावयाचे.

आज कानपुरात त्या बीबीघराच्या जागी बाग आहे. तिला नानाराव पार्क असे नाव आहे. १९८४ साली सरकारने नानासाहेबांचे टपाल तिकीट काढले. ज्यांच्या डोक्यावर लाखाचे इनाम होते, त्यांचे चित्र पत्रांवर चिकटून देशभर हिंडले. काळ असा फिरतो. पण अजमेरला आणि ग्वाल्हेरला धरलेल्या त्या माणसांची तिकिटे कोणी काढली नाहीत. त्यांचा दोष एवढाच की, त्यांचा चेहरा दुसऱ्या कोणासारखा होता. मोठ्या माणसाचा शोध लागतो तेव्हा लहान माणसे चिरडली जातात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आजही मोबाईलवर कोणाचा तरी फोटो येतो, हा चोर आहे, मुले पळविणारा आहे, दिसल्यास पकडा, असे खाली लिहिलेले असते. आपण खात्री न करता तो पुढच्या दहा जणींना धाडतो. पुढे धाडण्यापूर्वी अजमेरच्या त्या माणसाची आठवण करावी, एवढेच माझे म्हणणे.

आता मंडळापुरते दोन शब्द लिहून लेख आटोपता घेते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद केल्या. त्याच महिन्यात सरकारनेही तो कित्ता इतर गावांनी गिरवावा असे कळविले. आपल्या पिंपळे गुरवात आता महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे राहतात. कोणाचा मालक गेलेला, कोणाचा सोडून गेलेला, कोणाचा कामासाठी बाहेर पडून परत न आलेला. प्रत्येकीस तिच्या कपाळावरून विचारपूस करीत बसण्यापेक्षा, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरी जावे. यावयाचे की नाही, कुंकू लावून घ्यावयाचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. आपण फक्त दार उघडे ठेवावे आणि वाणाचे एक ताट जास्तीचे मांडावे.

ही सूचना सभेपुढे ठेवण्याची मी अध्यक्षीणबाईंना विनंती केली आहे. भगिनींनी तिला पाठिंबा द्यावा, अशी आशा करून आणि मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो असे इच्छून येथेच थांबते.